ट्यूबच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय? क्रीम, सीरम आणि आपल्याकडचं ऊन

पांझरा

नमस्कार मंडळी. मी धुळ्याची, माहेर शिरपूर तालुक्यातलं. धाकट्या बहिणीचं लग्न आखाजीनंतर (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर) पंधरा दिवसांनी आहे. परवा माहेरी गेले तर तिच्या खिडकीत सहा बाटल्या-ट्यूबा ओळीने मांडलेल्या. रोज काय काय लावतेस, असं विचारलं तर म्हणाली, सगळंच, थोडं थोडं.

मग मी त्या सगळ्या घेऊन ओट्यावर बसले आणि मागचं वाचायला लागले. अक्षर इतकं बारीक की मोबाईलने फोटो काढून मोठं करून बघावं लागलं. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक ॲसिड २ टक्के. एक सीरम नायसिनामाइड १० टक्के. दुसरं सीरम व्हिटॅमिन सीचं. मुळात ते पाण्यासारखं असतं म्हणे, हिच्या बाटलीत कोऱ्या चहासारखं दिसतंय. एक हायलुरॉनिक ॲसिडचं जेल. एक सनस्क्रीन, त्याचं सील अजून तसंच, कारण एका मैत्रिणीचं तोंड ते लावून पांढरं दिसलं होतं. आणि सहावी एक छोटी ट्यूब, शेजारच्या काकूंनी दिलेली. त्यावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावं आहेत. बहीण म्हणते सगळ्यात गुण याच ट्यूबचा, पंधरा दिवसांत चेहरा उजळला. चार महिने झाले, रोज रात्री लावते.

मला विचारायचंय ते असं: यातलं कोण काय करतं? सगळं एकत्र चालतं का? आणि गेल्या काही दिवसांत ती उन्हात गेली की गालांची आग होते, चुलीपुढे बसली तरी होते. ते कशामुळे?

मेडिकलवाली

पांझराताई, बाकीच्या पाच नंतर बघू. आधी सहावी.

मी फार्मासिस्ट आहे, जळगावात काउंटरवर चौदा वर्षं झाली. तुमच्या बहिणीसारख्या मुली मला महिन्यातून चार-पाच तरी भेटतात. ती ट्यूब कॉस्मेटिक नाही, औषध आहे. मोमेटासोन हे स्टिरॉइड. ते लावलं की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि सूज दबते, चेहरा एकदम फिका आणि नितळ वाटतो. हायड्रोक्विनोन मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार होणं रोखतं. ट्रेटिनॉइन वरचा थर झपाट्याने बदलायला लावतं. तिघं एकत्र आल्यावर पंधरा दिवसांत फरक दिसणारच. वांगावर त्वचारोगतज्ज्ञ असं मिश्रण देतातही, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि मधूनमधून चेहरा तपासत. चार महिने रोज, तेही कुणी न बघता, हे फार झालं.

स्टिरॉइड चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ होते. गालांवर लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं, पुटकुळ्या उठतात, बायकांना हनुवटीवर लव वाढते. ऊन आणि उष्णता सोसत नाही. चुलीपुढे होणारी आग त्याचीच असावी असं मला वाटतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ट्यूब अचानक बंद केली की चेहरा आधीपेक्षा जास्त लाल होतो, फोड येतात. मुलगी घाबरते आणि परत तीच ट्यूब लावते. हे चक्र मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून कृपा करून, स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका आणि एकदम टाकूनही देऊ नका. या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ट्यूब सोबत न्या. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या ओपीडीत चौकशी करा. लग्न तोंडावर आहे हेही सांगा. ट्रेटिनॉइन गरोदरपणात चालत नाही, तेव्हा पुढचा विचारही डॉक्टरांशी बोलून ठेवा.

पांझरा

ताई, वाचून हातपाय गार पडले. ट्यूबवर असं कुठेच ठळक लिहिलेलं नाही हो. उलट बाहेरच्या खोक्यावर गोऱ्या बाईचं चित्र होतं म्हणे. ओळखायचं कसं?

मेडिकलवाली

तीन खुणा सांगते. एक, नावाजवळ इंग्रजी आर आणि एक्स जोडून काढलेली खूण, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. दोन, खोक्याच्या कडेने उभी लाल रेघ आणि शेड्यूल एचची (चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची सरकारी यादी) सूचना. तीन, आणि ही मी गिऱ्हाइकांना नेहमी दाखवते: प्रत्येक घटकाच्या नावापुढे आय.पी. आणि त्यापुढे टक्के. ‘मोमेटासोन फ्युरोएट आय.पी. ०.१ टक्के’ असं. आय.पी. म्हणजे इंडियन फार्माकोपिया, आपल्या देशाची औषधांची संहिता. साध्या क्रीमच्या यादीत नावांची लांबलचक माळ असते, पुढे आय.पी. नसतं.

सरकारने २०१८ साली त्वचेला लावायची चौदा स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली. त्याआधी लावायच्या क्रीमना त्यातून सूट असायची. नियम आला, पण एक बाई दुसरीला देते तिथे नियम पोचत नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्याच धंद्यातले काहीजण चिठ्ठी न मागता देतात. मी देत नाही म्हणून माझ्यावर रुसून समोरच्या दुकानात गेलेली गिऱ्हाइकं आहेत.

नावं लिहून ठेवा: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’, ‘लोन’ दिसलं की थांबायचं आणि विचारायचं. खाज-गजकर्णाच्या तीन-तीन औषधं मिसळलेल्या मलमांतही हीच असतात. गजकर्णावर स्टिरॉइड लावलं की खाज थांबते, वरून बरं वाटतं, आणि बुरशी आतून पसरत जाते.

पिलबाग_रावेर

वाचतोय. आमच्याकडे केळीच्या बागेत काम करणाऱ्या पोरांच्या जांघेत गजकर्ण कायम, आणि हीच मलमं गावभर फिरतात. आज समजलं जात का नाही ते.

माझा प्रश्न वेगळा आहे. मला चेहऱ्याचं काही नाही. थंडीत टाचा अशा फुटतात की भेगांतून रक्त येतं. मेडिकलवाल्या भाऊंनी एक क्रीम दिलं, त्यावर युरिया २० टक्के लिहिलंय. आई म्हणते, अरे युरिया तर आपल्या खळ्यात गोणीभर पडलाय, त्यासाठी पैसे कशाला घातले? तिला काय सांगू?

मेडिकलवाली

पिलबागभाऊ, आईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. रेणू तोच. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवणारे जे नैसर्गिक पदार्थ असतात, त्यातही युरिया असतो. साधारण ५ ते १० टक्के असला की तो ओलावा धरतो, २० आणि त्यापुढे गेला की कडक झालेली कातडी मऊ करून सोडवतो. म्हणून टाचांना जास्त, हाताला कमी आणि चेहऱ्याला २०वालं नाहीच.

पण गोणीतला युरिया पिकासाठी केलेला असतो. त्यात बाययुरेट नावाची अशुद्धी राहते, वर निंबोळी तेलाचा थर दिलेला असतो. औषधातला युरिया शुद्ध करून, मोजून, मलमात बसवलेला असतो. गोणीतला चिमूटभरसुद्धा भेगेत भरू नका. रक्त निघत असेल तर युरियाचं क्रीमही चुरचुरतं. तोवर रात्री पाय कोमट पाण्यात धुवून, टिपून, ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली जाड थापा आणि सुती मोजे घाला. भेग मिटली की मग युरिया.

पिलबाग_रावेर

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, बरं झालं विचारलं, मी उद्या लावणारच होते.

भुसावळकर

मी नोकरीनिमित्त पुण्यात होतो तेव्हा हायलुरॉनिकचं जेल मस्त चालायचं. इकडे भुसावळला बदली झाल्यापासून तेच लावलं की तासाभरात चेहरा ओढल्यासारखा होतो. वस्तू खराब निघाली म्हणून दुसरी बाटली आणली, तेच.

गिरणाकाठ

भुसावळकर, वस्तू खराब नसावी, हवा वेगळी आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो, एवढंच माझं भांडवल.

हायलुरॉनिक ॲसिड आणि ग्लिसरीन हे पाणी धरणारे पदार्थ. पाणी जिथून मिळेल तिथून ओढतात. हवेत दमटपणा असला तर ठीकच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी हवेत ओलच नसते, धुतलेलं धोतर अर्ध्या तासात कडकडीत वाळतं. मग हा पदार्थ पाणी कुठून ओढणार? त्वचेच्या आतून. आणि ते वर आलेलं पाणी झळांमध्ये उडून जातं. म्हणून आपल्याकडे दोन गोष्टी पाळायच्या: चेहरा ओला असतानाच लावायचं, आणि वर लगेच साधं क्रीम लावून झाकायचं. झाकणारे पदार्थ म्हणजे पेट्रोलियम जेली, पॅराफिन, डायमेथिकोन, शिया बटर.

मधली जागा भरणारे सेरामाइड. त्वचेच्या वरच्या थराची तुलना विटांच्या भिंतीशी करतात, पेशी म्हणजे विटा आणि मधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. त्या चुन्यात जवळजवळ निम्मा वाटा सेरामाइडचा, शिवाय कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. पांझराताईंच्या बहिणीची भिंत सध्या पडायला आलेली आहे, तिला सीरमपेक्षा या चुन्याची गरज जास्त.

आणि ग्लिसरीनला कमी लेखू नका. हायलुरॉनिकच्या चिमूटभर बाटलीचे पाचशे रुपये मोजतो आपण. ग्लिसरीन स्वस्त आहे म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही, पण कामाला ते कुठेही कमी नाही. फक्त निव्वळ, पाणी न घालता लावू नये.

आखाजी_झोका

पण सीरमच्या बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात ‘केशर-चंदन’ आणि मागे यादीत ते शेवटून दुसरं. हे कसं काय?

गिरणाकाठ

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते. म्हणून पहिलं नाव बहुधा पाणी, म्हणजे ‘ॲक्वा’. मात्र १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. आता ती एक टक्क्याची रेघ कुठे आहे हे कंपनी सांगत नाही. एक उपाय आहे. यादीत ‘फिनॉक्सीइथेनॉल’ शोधा. हे टिकवण्यासाठी घालतात आणि ते सहसा १ टक्क्याच्या वर नसतं. त्याच्यानंतर जे काही आलं ते नाममात्र समजायचं. तुमचं केशर-चंदन त्या शब्दाच्या अलीकडे आहे की पलीकडे, बघा.

याला अपवाद आहे. रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चं एक रूप) ०.३ टक्के असलं तरी काम करतं, तेव्हा यादीत मागे असणं म्हणजे निकामी, असं प्रत्येक वेळी नाही.

आखाजी_झोका

बघितलं. पलीकडे आहे. परफ्युमच्याही नंतर.

मग घरचंच बरं नाही का? लहानपणी आम्ही आखाजीला माहेरी जमलो की सगळ्या बहिणी मिळून लिंबू आणि साय चोळायचो, मग झोक्यावर.

मेडिकलवाली

आखाजीताई, साय चालेल. लिंबू नको, आणि लिंबू लावून वैशाखात झोक्यावर तर मुळीच नको. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकूमारिन नावाचे पदार्थ असतात. ते कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे ओघळ राहतात, कधीकधी महिनोन् महिने. मागच्या उन्हाळ्यात एक मावशी मनगटावर काळे पट्टे घेऊन आल्या होत्या. लग्नघरी शंभर माणसांचं सरबत पिळून त्याच हातांनी दिवसभर उन्हात वाढत होत्या. शिवाय लिंबाच्या रसाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २च्या आसपास, त्वचेचा साधारण ५.

मुलतानी माती तेल शोषते, तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा ठीक. वाळून तडकेपर्यंत ठेवू नका. खोबरेल अंगाला उत्तम, पण मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर रंध्रं बुजवतं. बेकिंग सोडा स्वयंपाकघरातच राहू द्या.

पांझरा

आमची आजी सांगे, ‘तोंडले चोपडाना पहिले हातले चोपडी देख.’ तेव्हा आम्ही लक्ष दिलं नाही.

मेडिकलवाली

आजींनी पॅच टेस्टच सांगितली होती. कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघायचं, मगच तोंडाला.

आता उरलेल्या बाटल्या. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं म्हणून रंध्रांत उतरतं, मुरूम-काळ्या ठिपक्यांना चांगलं. पण बहिणीच्या चेहऱ्याला आत्ता बंद. नायसिनामाइड म्हणजे ब३ जीवनसत्त्व. रंगद्रव्य एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जायला ते अडथळा आणतं आणि भिंतीचा चुनाही वाढवतं. चांगली वस्तू आहे, पण अभ्यास बहुतेक २ ते ५ टक्क्यांवर झालेत. दहा टक्क्यांनी दुप्पट गुण येत नाही, चुरचुर मात्र येते. डॉक्टर म्हणाले तर नंतर.

गिरणाकाठ

व्हिटॅमिन सीबद्दल मी सांगतो. शुद्ध रूप म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, पाण्यात, प्रकाशात आणि उष्णतेत लवकर बिघडतं. चहासारखा रंग म्हणजे ते ऑक्सिडाइज झालं, हवा लागून बिघडलं, टाकून द्या. शिरपूरकडे पत्र्याच्या घरात मे महिन्यात खिडकीत ठेवलेली बाटली टिकणारच नाही. घ्यायचंच असेल तर गडद काचेची लहान बाटली घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा.

सातपुडा_पायथा

शहाद्याकडून. आमच्या आठवडे बाजारात छोट्या गोल डब्या मिळतात, झाकणावर परदेशी लिपी, मागे काहीच लिहिलेलं नाही. पाच दिवसांत गोरं करतात असं विकणारा सांगतो. आमच्या आश्रमशाळेतल्या मुली खाऊच्या पैशांतून घेतात. मी तिथे शिक्षिका आहे. आय.पी.ची खूण शोधायला मागे काही लिहिलेलं तर पाहिजे. अशा डबीत काय असू शकतं?

मेडिकलवाली

बाई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात गंभीर आहे.

अशा डब्यांत स्टिरॉइड तर असू शकतंच, पण त्याहून वाईट म्हणजे पारा. पाऱ्याचे क्षार मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतात, म्हणून रंग उतरतो. कातडीतून पारा शरीरात जातो आणि मूत्रपिंडांवर बसतो. केरळात मलप्पुरमकडे मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे बरेच रुग्ण एकदम दिसले, डॉक्टरांनी मागोवा घेतला तेव्हा त्यातले बहुतेक गोरेपणाची क्रीमं लावणारे निघाले. आपल्याकडे २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला बंदी आहे. नकळत आलाच तर दहा लाखांत एक भाग, त्यावर नाही.

ज्या डबीवर घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत नाही, ती उघडायचीच नाही. लेबल असेल तर ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरिक’, ‘मर्क्युरस’ हे शब्द बघा. ‘सोनं-चांदी लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तर तीही पाऱ्याची खूण, कारण पारा सोन्याला धरतो. मुलींपैकी कुणाच्या पायांवर, डोळ्यांखाली सूज असेल किंवा लघवीला फेस येत असेल तर लगेच लघवी तपासून घ्या, आणि डबीही डॉक्टरांना दाखवा. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, डबीसकट.

सातपुडा_पायथा

सोमवारी प्रार्थनेनंतर मुलींशी बोलते. रागावून नाही. डब्या माझ्याकडे जमा करा, त्याबदल्यात मी प्रत्येकीला साधं व्हॅसलीन देते, असं सांगणार आहे. एका मुलीच्या डोळ्यांखाली सूज आहे. मला वाटायचं झोप होत नसेल. तिला उद्याच नेते.

भुसावळकर

सनस्क्रीनवर कुणी बोललं नाही. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो. रुमाल बांधून गाडी चालवतो, त्यावर ते चिकट कशाला?

गिरणाकाठ

घट्ट विणीचा सुती रुमाल फार कामाचा, तो सोडू नका. पण कपाळ, नाकाचा वरचा भाग आणि डोळ्यांभोवतीची जागा उघडी राहते, वांग तिथेच जास्त दिसतो. शिवाय तापमान आणि अतिनील किरणं या दोन वेगळ्या गोष्टी. जानेवारीत गारठ्यात कापूस वेचणाऱ्या बाईलाही ती लागतात. या किरणांचे यूव्हीबी आणि यूव्हीए असे दोन प्रकार आपल्याला लागतात. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी अडतं, यूव्हीए बरंचसं आत येतं.

एसपीएफ हा आकडा यूव्हीबीचा. ३० असलं तर साधारण ९७ टक्के अडतं, ५० असलं तर ९८. फरक एवढाच, म्हणून आकड्यामागे धावण्यापेक्षा पुरेसं लावा. यूव्हीएसाठी पीए आणि पुढची अधिक चिन्हं बघा. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजं, नाजूक त्वचेला सोसतात, पण पांढरट दिसतात. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं घ्या. ते डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं आणि पांढरंही दिसत नाही.

पांझरा

अकरा दिवसांनी लिहितेय. बहिणीला घेऊन ओपीडीत गेलो. डॉक्टरबाईंनी भिंग लावून गाल बघितले, बारीक लाल शिरा मलाही दाखवल्या. ती ट्यूब एकदम बंद न करता कमी कमी कशी करायची ते लिहून दिलं, सोबत दुसरं औषध. लग्नापर्यंत फक्त तीन गोष्टी: सौम्य साबण, सेरामाइडचं साधं क्रीम, आणि झिंक ऑक्साइडवालं, रंग असलेलं सनस्क्रीन. हळद हातापायांनाच, गालाला नाही. हे आत्याला पटवायला मला अर्धा दिवस लागला.

मधे चार दिवस बहिणीचा चेहरा लाल झाला, पुटकुळ्याही आल्या. रडली, त्या ट्यूबकडे हात गेलाच तिचा. मेडिकलवाली ताईंनी चक्र म्हणून जे लिहिलं होतं ते मी तिला मोबाईलवर वाचायला दिलं. आता आग थोडी कमी आहे. आज सकाळी अंगणात उभं करून दोन बोटांवर दोन रेघा काढून सनस्क्रीन लावायला शिकवलं, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं म्हणे. नाक जरा वेगळं दिसलं, दहा मिनिटांत मिसळून गेलं.

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून बघत होत्या. माझ्या मनात त्यांच्यावर राग होता, खरं सांगते. त्या आत गेल्या आणि स्वतःची ट्यूब घेऊन आल्या. म्हणाल्या, मला चष्म्यानेही दिसत नाही, वाच बरं मागे काय लिहिलंय.

क्लोबेटासोल, आय.पी. त्या दोन वर्षं लावतायत. गुरुवारी बहिणीला परत दाखवायचंय, काकूंनाही सोबत नेते.